ओझर येथील युद्धकालीन जीप व तिच्या ठिणगीचा कालनिर्णय

नाशिकाहून आग्रा-रस्त्यानें सुमारें २० किलोमीटर गेलें म्हणजे बाणगंगेच्या कांठीं ओझर हें गांव लागतें. अष्टविनायकांपैकीं जें जुन्नर तालुक्यांतील ओझर, तें हें नव्हे. हें निफाड तालुक्यांतलें, आणि १९६४ सालीं विमानांचा कारखाना स्थापन झाल्यापासून पंचक्रोशींत 'ओझर मिग' या नांवानें ओळखलें जाणारें. येथील एका द्राक्षबागाइतदाराच्या छपरांत एक जीपगाडी आहे. तिच्या इंजिनाविषयीं प्रस्तुत टिपण आहे. पोथ्या व दप्तरें यांस वाहिलेल्या या त्रैमासिकांत तेलकट यंत्राचा शिरकाव कशासाठीं, असें कोणी विचारील. उत्तर इतकेंच कीं, या इंजिनावर एक खूण मूळची होती व एक मागाहून कोणी केलेली होती. मागाहूनची अधिक ठळक म्हणून सर्वांनीं तीच मूळ मानली. आणि त्या समजुतीपायीं इंजिन भंगारांत जाण्याच्या बेतांत आलें होतें. पोथ्यांच्या समासांतील शेरे संहितेंत शिरल्याचीं उदाहरणें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस हा प्रकार परका वाटूं नये.

प्रथम वस्तूची ओळख. जीप ही गाडी अमेरिकेंत १९४१ ते १९४५ या युद्धवर्षांत विलिज व फोर्ड या दोन कारखान्यांनीं एकाच नमुन्याबरहुकूम केली. दोहोंची मिळून संख्या सहा लाखांहून अधिक भरते. इंजिन दोन्हींकडे एकच. व्हिपेट नांवाच्या जुन्या मोटारीचें इंजिन घेऊन डेल्मर रूस या अभियंत्यानें तें इतकें सुधारलें कीं त्याची शक्ति ६० अश्वशक्तीपर्यंत गेली. सिलिंडर चार, एकूण आकारमान १३४.२ घनइंच म्हणजे सुमारें २,२०० घनसेंटिमीटर, झडपा दट्ट्यांच्या माथ्यावर नसून बाजूस, व विजेची मांडणी ६ व्होल्टची. युद्ध संपल्यावर यांतील पुष्कळ गाड्या या देशांत डिस्पोजलच्या मालांत विकल्या गेल्या. पुढें महिंद्र आणि महंमद या कंपनीनें (१९४८ पासून महिंद्र आणि महिंद्र) मुंबईस माझगांवीं याच जातीच्या नागरी जीपगाड्या जुळविण्यास आरंभ केला. परिणामीं आज जुनी म्हणून दाखविली जाणारी जीप बहुधा एकहस्ताची नसते. सांगाडा एका सालचा, इंजिन दुसऱ्या सालचें व आंतील चक्रें तिसऱ्याच ठिकाणचीं, असा तो बाडांतला संग्रह असतो.

अशा वेळीं इंजिनाच्या ठोकळ्यावर पुढच्या उजव्या अंगास ठोकलेला क्रमांक पाहावा. 'एमबी' हीं रोमन अक्षरें आरंभीं असल्यास तें विलिजचें युद्धकालीन इंजिन. 'जीपीडब्ल्यू' असल्यास फोर्डचें. नुसतें 'जे', '३जे' वा '४जे' असल्यास युद्धोत्तर नागरी गाडीचें. आमच्या जीपच्या ठोकळ्यावर 'एमबी' आहे. इंजिनाच्या मागील टोंकास जें जड चाक असतें, ज्यास फ्लायव्हील म्हणतात, त्याच्या कडेचे दांते मीं दोनदां मोजले. ते ९७ भरले, व युद्धकालीन चाकास तितकेच असतात. नंतरच्या नागरी गाड्यांत दांते बारीक व अधिक झाले. म्हणजे ठोकळा व चाक हीं दोन्ही एकाच काळचीं. हा मुद्दा पुढें उपयोगी पडणार आहे.

मालक माझा जुना विद्यार्थी. गाडी त्याच्या आजोबांच्या वेळेपासून घरांत आहे. त्याची तक्रार अशी कीं, गाडींत दम उरला नाहीं. सपाटीवरही पाणी तापतें. चांदवडापलीकडे राहूडच्या घाटांत तर उकळून बाहेर येतें. आणि एकदां रात्रीं बॉनेट उघडून पाहतां धूर जाण्याची बिडाची नळी लाल दिसली. शेवटीं उष्णतेनें हेडखालचें गॅस्केट फुटलें. जवळच्या गॅरेजांतील कारागिरानें सल्ला दिला कीं, हें पेट्रोल इंजिन उपटून टाकावें व डिझेल बसवावें. हा सल्ला आपल्याकडे शेंकडों जीपगाड्यांस मिळालेला आहे व त्यांतील बहुतेकांनीं तो मानलाही आहे. बाहेरून जुनी व आंतून कोणत्यातरी टेम्पोची अशी गाडी म्हणजे जुन्या पुठ्ठ्यांत नवी छापील पोथी. मीं रदबदली केली तेव्हां तो म्हणाला, "सर, तुमच्या शब्दाखातर महिनाभर थांबतो. पुढं मात्र हे इंजिन उचलून देतो. भंगारवाला येऊन वजनाचा भाव सांगून गेलाय."

महिन्याची मुदत हातीं घेऊन मीं कारखान्यांतून निवृत्त झालेल्या एका फिटरास बरोबर घेतलें. ओझरास असे हात पुष्कळ आहेत. पण त्यांचें आयुष्य विमानांच्या इंजिनांवर गेलेलें. त्यांनीं पहिल्याच दिवशीं सांगितलें कीं, मिगच्या इंजिनास ठिणगी फक्त सुरू करतांना लागते. एकदां आंत ज्वाला धरली कीं ती आपली आपण तेवत राहते. जीपच्या इंजिनाचें तसें नाहीं. त्यास प्रत्येक फेऱ्यास नवी ठिणगी लागते, व ती नेमक्या क्षणीं लागते. नंदादीप व अग्निमंथन यांत जो भेद, तोच हा.

आतां ही ठिणगीची वेळ, म्हणजे कारागीर ज्यास टायमिंग म्हणतात ती, काय आहे तें पाहूं. सिलिंडरांत दट्ट्या चार वेळां खालींवर होतो तेव्हां एक आवर्तन पुरें होतें. पहिल्यानें खालीं जातांना हवा व पेट्रोलची वाफ आंत येते. दुसऱ्यानें वर येतांना ती दाबली जाते. मग ठिणगी पडून ती पेटते व दट्ट्या जोरानें खालीं लोटला जातो. चौथ्यानें वर येतांना जळका धूर बाहेर जातो. एवढ्यांत मुख्य दांड्याचे दोन फेरे होतात. वाफ पेटते ती एका क्षणांत सर्व पेटत नाहीं. ज्वाला एका कोंपऱ्यांतून निघून पसरत जाते व त्यास कांहीं काळ लागतो. दाबाचा पूर्ण जोर दट्ट्या माथ्यावरून किंचित् उतरूं लागला असतां यावा अशी इच्छा असल्यास ठिणगी दट्ट्या माथ्यास पोंचण्याच्या आधींच पाडली पाहिजे. या इंजिनास ती किती आधीं, हें अमेरिकेच्या युद्धखात्याच्या १९४४ च्या टीएम ९-८०३ या पुस्तिकेंत दिलें आहे: मुख्य दांड्याच्या फिरतीचे ५ अंश आधीं. इंजिन वेगानें फिरूं लागलें म्हणजे हें अंतर अधिक व्हावें लागतें. तें काम डिस्ट्रिब्यूटरच्या पोटांतील दोन वजनें वेगाबरोबर बाहेर फेंकलीं जाऊन आपोआप करतात. हातानें बसवावयाचे ते हे पांच अंश.

हा काळ किती सूक्ष्म आहे तें पाहण्यासारखें आहे. इंजिन मिनिटास ६०० फेरे घेत मंद चालत असतां एका सेकंदांत ३,६०० अंश होतात. तेव्हां ५ अंश म्हणजे सेकंदाचा ७२० वा भाग. मिनिटास २,००० फेरे झाले तर तेच ५ अंश सेकंदाच्या २,४०० व्या भागांत सरतात. भास्कराचार्यांनीं सिद्धान्तशिरोमणींत निमेषाचा तिसावा भाग तो तत्पर व तत्पराचा शंभरावा भाग ती त्रुटि अशी गणना दिली आहे. त्यांच्या मानानें दिवसाचे ९,७२,००० निमेष होतात, म्हणून तत्पर सेकंदाच्या सुमारें ३३७ व्या भागाएवढा येतो. मंद चालींतील आमचे पांच अंश अर्ध्या तत्पराहून किंचित् कमी. विद्यार्थ्यांस हीं मानें शिकवितांना 'यांचा व्यवहारांत उपयोग काय?' या प्रश्नास मीं कित्येक वर्षें मोघम उत्तर देत आलों. उपयोगाचें स्थळ या छपरांत सांपडलें.

ठिणगी उशिरा पडली तर काय होतें? दट्ट्या उतरूं लागल्यावर वाफ जळते. जोर वाया जातो. ज्वाला सिलिंडरांत संपावयाची ती धुराच्या नळींत जाऊन संपते. नळी लाल होते, पाणी उकळतें, गाडी घाटांत रडते. लवकर पडली तर दट्ट्या वर येत असतांच त्याच्या डोक्यावर घाव बसतो. आंत टकटक असा ठोका ऐकूं येतो, आणि हँडल मारून इंजिन सुरू करणाऱ्याच्या हातांत तें हँडल उलटें फिरतें. मालकाची सारी तक्रार पहिल्या जातीची होती. गॅरेजवाल्यानें मात्र वेळ तपासली होती व ती खुणेशीं बरोबर जुळते असें शपथेवर सांगितलें होतें. तो खोटें बोलत नव्हता.

त्या खुणेकडे आतां वळूं. फ्लायव्हीलच्या कवचास उजव्या अंगास एक लहान खिडकी असते व तिजवर पत्र्याचें झांकण असतें. झांकण सारलें कीं चाकाचा तुकडा दिसतो. आमच्या चाकावर छिन्नीनें मारलेली एक खांच होती व तींत पांढरा रंग भरला होता. बॅटरीच्या उजेडांत ती स्पष्ट चमके. तीस-चाळीस वर्षें ज्यानें ज्यानें या गाडीची वेळ बसविली, त्यानें त्यानें ती याच खांचेवर बसविली असली पाहिजे, कारण दुसरें कांहीं दिसतच नव्हतें. पण खांच वांकडी होती, एका बाजूस तिचा कांठ फुटला होता, आणि जवळ एकही अक्षर नव्हतें. कारखान्याची खूण ठशानें उठविलेली असते. ती अशी नसते. मीं रॉकेल व तांब्याच्या तारेचा ब्रश घेऊन चाकाची कड हळूहळू धुण्यास आरंभ केला. दोन तासांनीं काजळी व गंज यांखालून प्रथम 'टीसी' हीं दोन रोमन अक्षरें व एक सरळ रेघ निघाली; चाक थोडें मागें फिरवितां 'आयजीएन' हीं तीन अक्षरें व दुसरी रेघ निघाली. पहिलीचा अर्थ दट्ट्या माथ्यावर. दुसरीचा अर्थ ठिणगी. इंजिन चालतें त्या दिशेनें चाक फिरविलें असतां खिडकींत आधीं ठिणगीची रेघ येते, मग माथ्याची, आणि माथ्यानंतर दोन दांते गेल्यावर ती पांढरी खांच. ९७ दांत्यांच्या चाकावर एक दांता म्हणजे ३.७ अंश. तेव्हां खांच माथ्याच्या सुमारें साडेसात अंश नंतर, व खऱ्या खुणेच्या सुमारें साडेबारा अंश नंतर. एवढ्या उशिरानें चालणारें इंजिन तापणार नाहीं तर काय होईल?

ही खांच मूर्खपणानें केलेली नाहीं, हें मालकाच्या वृद्ध चुलत्यांकडून कळलें. पेट्रोल महाग व दुर्मिळ झालें त्या वर्षांत घरीं पेट्रोलांत रॉकेल मिसळून गाडी चालवीत. रॉकेलमिश्रित पेट्रोल दाबाखालीं वेळेआधीं भडकतें व इंजिन ठोके देऊं लागतें. त्यावर उपाय म्हणून ठिणगी मागें ओढावी लागते. त्या वेळच्या ड्रायव्हरानें ती मागें ओढून, पुनः पुनः शोध नको म्हणून, तेवढ्यापुरती खूण केली. रॉकेल घालणें थांबलें, ड्रायव्हर गेला, खांच राहिली. पुढच्यांनीं तिलाच संहिता मानलें.

परंतु जुनी रेघ सांपडली म्हणजे ती खरी, असें समजणें ही दुसरी चूक झाली असती. चाक कधीं काढून पुनः बसविलें असेल व बसवितांना चुकलें असेल, तर कारखान्याची रेघही खोटें बोलेल. ठशाचीं अक्षरें अस्सल, पण तीं योग्य जागीं आहेत कीं नाहींत याचा पुरावा अक्षरांत नाहीं. तो बाहेरून आणावा लागतो. येथें गॅस्केट फुटल्याचा उपकारच झाला. हेड उतरविलेलें असल्यानें चारही दट्ट्यांचे माथे व आठही झडपा उघड्या दिसत होत्या.

माथा कोठें हें नुसत्या डोळ्यानें ठरत नाहीं. माथ्याजवळ दट्ट्या जवळजवळ थबकतो. हिशेब करून पाहतां पांच अंश आधीं तो माथ्याच्या फक्त पाव मिलिमीटर खालीं असतो. तेवढा फरक डोळा काय, साधी पट्टीही पकडणार नाहीं. म्हणून दट्ट्या वेगानें सरकतो अशा ठिकाणीं दोन मापें घेऊन त्यांचा मध्य काढावा. पहिला दट्ट्या वर येत असतां त्याच्या माथ्याच्या जागेपासून बरोबर १० मिलिमीटर खालीं थांबविला व स्टार्टर काढल्यानें उघड्या पडलेल्या भोंकांतून समोरच्या दांत्यावर खडूची खूण केली. मग तो माथ्यावरून नेऊन पलीकडे उतरत असतां पुनः त्याच १० मिलिमीटरांवर थांबविला व दुसरी खूण केली. दोन खुणांमध्यें १७ दांते भरले. त्यांचा मध्य साडेआठ दांत्यांवर. चाक तितकें मागें घेऊन खिडकींत पाहतां 'टीसी'ची रेघ खिडकीच्या मधोमध होती. दुसऱ्या दिवशीं फिटरांनीं मला न सांगतां १५ मिलिमीटरांवर तीच कृति केली. मध्य तोच आला. चाक मूळ जागीं आहे व रेघ विश्वसनीय आहे, हें येथें सिद्ध झालें.

तरीही एक संदेह उरतो. दट्ट्या एका आवर्तनांत माथ्यावर दोनदां येतो: एकदां वाफ दाबून, एकदां धूर घालवून. खिडकींतील रेघ दोन्ही वेळीं तीच दिसते. पेशवाई पत्रांवर चंद्र व महिना असतो, साल नसतें. तेवढ्यावरून पत्र कोणत्या सालचें हें जसें सांगतां येत नाहीं व वार, पत्रांतील माणसें, मुक्काम यांवरून जंत्रीशीं ताडावें लागतें, तसेंच हें. येथें वाराचें काम झडपा करतात. या इंजिनांत ठिणग्या १–३–४–२ या क्रमानें पडतात, म्हणजे पहिला व चौथा दट्ट्या नेहमीं एकाच वेळीं माथ्यावर असतात, पण एक दाबीत असतां दुसरा धूर घालवीत असतो. पहिल्याच्या दोन्ही झडपा मिटलेल्या व चौथ्याची एक झडप मिटत असतां दुसरी उघडूं लागलेली, अशी स्थिति दिसली कीं हा पहिल्याचा दाबाचा माथा. ठिणगी याच फेऱ्यास हवी. हेड बसविलेलें असेल तर पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोंकावर अंगठा ठेवावा. दाबाच्या फेऱ्यास हवा अंगठा लोटते.

यापुढें मजकडून जो प्रमाद घडला तो लिहून ठेवणें योग्य होईल. हेड नव्या गॅस्केटसह बसल्यावर मुदतीचे दिवस निम्मे संपले होते, व मला घाई झाली होती. चूक साडेबारा अंशांची आहे हें ज्ञात होतें. डिस्ट्रिब्यूटरचा रोटर वरून पाहतां घड्याळाच्या कांट्यांच्या उलट फिरतो. म्हणून त्याचें आवरण कांट्यांच्या दिशेनें फिरविलें म्हणजे ठिणगी लवकर पडते, हेंही ज्ञात होतें. मीं कंपासपेटींतला कोनमापक लावून आवरण बरोबर साडेबारा अंश फिरविलें व फिटरांची वाट न पाहतां हँडल मारलें. हँडल उलटें फिरलें आणि माझें मनगट मुरगळलें. दहा दिवस हात झोळींत राहिला. चूक साधी होती. दोन फेऱ्यांत एक आवर्तन, म्हणून डिस्ट्रिब्यूटर मुख्य दांड्याच्या निम्म्या गतीनें फिरतो. तेथले साडेबारा अंश म्हणजे चाकावरचे पंचवीस. ठिणगी साडेसात अंश उशिरावरून एकदम साडेसतरा अंश आधीं जाऊन बसली होती. चाळीस वर्षें मुलांस त्रैराशिकाची उदाहरणें घालणाऱ्यानें हें विसरावें, याचें फिटरांना हंसूं आलें व मालकाच्या आईनें हळद बांधली. हँडल धरतांना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, मुठीस वेढा देऊं नये, व खालून वर ओढावें, खालीं दाबूं नये, हा नियम त्या दिवशीं मला लागू नव्हता असें वाटलें होतें. अंगठा वेढलेला असता तर हाड गेलें असतें.

हात झोळींत असतां काम फिटरांनीं केलें व मीं खिडकींत पाहिलें. जे वाचक कधीं ही कृति करतील त्यांच्यासाठीं ती क्रमानें देतों. डिस्ट्रिब्यूटरांत दोन लहान पॉइंट असतात. ते मिटलेले असतां कॉइलमधून प्रवाह वाहतो. ते सुटतात त्या क्षणीं प्रवाह तुटून ठिणगी पडते. तेव्हां ठिणगीची वेळ म्हणजे पॉइंट सुटण्याची वेळ. म्हणून आधीं पॉइंटांतील फट बसवावी. ती पूर्ण उघडी असतां ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर असावी. हें आधीं करण्याचें कारण असें कीं, फट वाढविली म्हणजे पॉइंट लवकर सुटतात व कमी केली म्हणजे उशिरा. वेळ बसवून मग फट बदलणारा आपलें काम आपणच पुसतो. प्लगची फट ०.०३० इंच. सर्व प्लग काढून ठेवल्यास इंजिन हातानें सहज फिरतें. मग पहिल्या सिलिंडरच्या दाबाच्या फेऱ्यास 'आयजीएन'ची रेघ खिडकीच्या मध्यावर आणावी. नेहमीं चालीच्या दिशेनेंच आणावी, व पुढें गेल्यास थोडी थोडकी मागें न ढकलतां पाव फेरा मागें नेऊन पुनः पुढें आणावी, कारण साखळी व दांते यांतील ढिलेपणा नाहींतर हिशेबांत शिरतो. रोटरचें तोंड पहिल्या सिलिंडरच्या तारेकडे आहे ना, तें पाहावें.

तें तसें नसेल तर दोष दुसरीकडे शोधावा. हा डिस्ट्रिब्यूटर ऑइल-पंपाच्या दांड्यानें फिरतो. पंप काढून बसवितांना एक दांता चुकला कीं डिस्ट्रिब्यूटरही चुकतो. शिवाय युद्धकालीन इंजिनांत झडपांचा दांडा साखळीनें फिरे, नंतरच्या नागरी इंजिनांत दंतचक्रांनीं, आणि त्यामुळें त्याची दिशा बदलली. म्हणून दोहोंचे ऑइल-पंप वेगळे. बाहेरून ते सारखे दिसतात, व भंगारबाजारांत एकाच ढिगांत पडलेले असतात. आमचा पंप साखळीच्या इंजिनाचा व योग्य दांत्यावर बसलेला निघाला. असो.

आतां ६ व्होल्टचा एक लहान दिवा घ्यावा. एक तार डिस्ट्रिब्यूटरच्या बाजूच्या खिळ्यास, दुसरी इंजिनाच्या धातूस लावावी व किल्ली फिरवावी. पॉइंट मिटलेले असतां दिवा विझलेला राहतो. सुटले कीं लागतो. आवरणाची पकड सैल करून तें प्रथम कांट्यांच्या उलट दिशेनें, दिवा विझेपर्यंत फिरवावें. मग कांट्यांच्या दिशेनें केंसाकेंसानें फिरवीत दिवा लागतो तेथें थांबून पकड घट्ट करावी. लगेच चाक दोन फेरे फिरवून तपासावें: रेघ मध्यावर येणें व दिवा लागणें एकाच वेळीं झालें पाहिजे. काम होतांच किल्ली बंद करावी, नाहींतर कॉइल तापते. आमच्या येथें पहिल्या तपासणींत रेघ येण्याच्या अर्धा दांता आधीं दिवा लागला. पकड घट्ट करतांना आवरण सरकलें होतें. तिसऱ्या खेपेस दोन्ही एक झालीं.

येथें एका जुन्या वहिवाटीचा उल्लेख करणें अवश्य आहे. पुष्कळ अनुभवी ड्रायव्हर खिडकीकडे पाहत नाहींत. ठिणगी पुढें पुढें घेत जातात, चढावर इंजिन ठोका देऊं लागलें कीं किंचित् मागें घेतात व वेळ कानानें ठरली असें म्हणतात. त्यांच्या काळीं ही रीत बरी होती. हें इंजिन किमान ६८ ऑक्टेनच्या पेट्रोलसाठीं केलेलें. त्यांतील दाब ६.४८ पट एवढाच. आज पंपावर मिळणारें साधें पेट्रोल ९१ ऑक्टेनचें किंवा त्याहून वरचें, व त्यांत इथेनॉलही मिसळलेलें. तें या मंद दाबाखालीं ठोका देईपर्यंत ठिणगी फारच पुढें गेलेली असते, व तोंवर हँडल मारणाऱ्याचा हात गेलेला असतो. ठोका ऐकूं येत नाहीं म्हणून वेळ बरोबर, हें अनुमान आजच्या पेट्रोलवर टिकत नाहीं. फिटरांचा कान माझ्याहून कितीतरी तयार, तरी त्यांनींही या बाबतींत रेघेचाच पक्ष घेतला.

मुदतीच्या अठ्ठाविसाव्या दिवशीं सकाळीं मालकानें स्वतः हँडल मारलें. दुसऱ्या ओढीस इंजिन लागलें. टायमिंग-लाइट वेगळ्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर जोडून पाहिला. मंद चालींत रेघ खिडकीच्या मध्यावर उभी होती, व वेग वाढवितांच ती सरकूं लागली, म्हणजे पोटांतील वजनेंही काम करीत होतीं. त्याच दिवशीं गाडी पिंपळगांव, चांदवड व पुढें राहूडचा घाट चढून आली. पाणी उकळलें नाहीं. परत आल्यावर अंधार पडला होता. बॉनेट उघडून पाहिलें, नळी काळीच होती. भंगारवाल्यास मालकानें दूरध्वनीवरून काय सांगितलें, तें मीं ऐकलें. तें येथें देण्याजोगें नाहीं.

पांढरी खांच कानशीनें घासून टाकावी असें मालकाचें म्हणणें पडलें. मीं तसें करूं दिलें नाहीं. पेट्रोल मिळेनासें झालेल्या दिवसांचा त्या घरांतला दुसरा लेख उरलेला नाहीं. तींतला रंग मात्र काढून टाकला आहे, व तो 'आयजीएन'च्या रेघेंत भरला आहे. ठोकळ्यावरील क्रमांक, दांत्यांची संख्या, दोन्ही मध्यांचीं मापें, खांचेचें अंतर व चुलत्यांनीं सांगितलेली हकीकत एका कार्डावर लिहून तें चालकाच्या आसनाखालच्या पेटींत ठेवलें आहे. त्याची एक प्रत मजपाशीं आहे.